‘ही खरी कोण?’ एवढ्यावर कादंबरी संपत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रसिद्ध अभिनेत्री, गायक, राजकीय नेते यांच्या प्रेमजीवनावरील कादंबऱ्यांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच एक मोठा लेख आला होता. लेखकाचे वाचन चांगले आहे हे जाणवले आणि या प्रकारच्या कादंबऱ्यांना एवढी जागा मिळाली याचा आनंदही झाला. मात्र लेखाचा निम्म्याहून अधिक भाग कोणते पात्र प्रत्यक्षात कोणावरून घेतले असावे याच्या तर्कांनी भरलेला होता, आणि शेवटी या सगळ्या पुस्तकांना ‘प्रवासात वाचायला बऱ्या’ एवढेच प्रशस्तिपत्र मिळाले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे असे मला वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात बावीस वर्षांपासून काम करते. या कादंबऱ्या आमच्या कपाटात फार काळ राहत नाहीत. एक वाचक परत करतो आणि रांगेतला दुसरा तिथल्या तिथे मागून घेतो. त्या वेळी सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न ‘कशी आहे?’ हा नसून ‘कोणावर आहे?’ हा असतो. काही महिन्यांपूर्वी अशीच एक कादंबरी परत आली. परतीच्या तारखांचा कागद चिकटवलेला असतो त्याच्या समोरच्या कोऱ्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने, अगदी नेटक्या अक्षरात, दोन रकाने आखले होते. डावीकडे पात्रांची नावे आणि उजवीकडे खऱ्या माणसांची. त्यांतल्या दोघी आज हयात आहेत. एका नावापुढे आधी प्रश्नचिन्ह होते. पुढच्या कुणा वाचकाने ते शाईने खोडून तिथे ठामपणे एक नाव लिहिले होते. मी ते पुस्तक शेवटपर्यंत चाळून पाहिले. बाकी तीनशे पानांवर एकही खूण नव्हती. ग्रंथालयाच्या पुस्तकात खुणा करू नयेत हे खरेच. पण ज्यांना त्या केल्यावाचून राहवले नाही, त्यांनाही त्या तीनशे पानांत दुसरे काहीच टिपून ठेवावेसे वाटले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

ही सवय आजची नाही. खऱ्या माणसांना वेगळी नावे देऊन लिहिलेल्या कादंबरीला फ्रेंच भाषेत ‘किल्लीची कादंबरी’ म्हणतात, आणि सतराव्या शतकापासून अशा पुस्तकांच्या किल्ल्या, म्हणजे पात्रांची खरी नावे सांगणाऱ्या याद्या, हातोहात फिरत असत. त्या सवयीने एखाद्या कादंबरीचे काय होते याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लेडी कॅरोलाइन लॅम्ब यांची ‘ग्लेनार्व्हन’.

१८१२च्या मार्च महिन्यात लॉर्ड बायरन यांच्या एका दीर्घकाव्याचे पहिले दोन सर्ग प्रसिद्ध झाले आणि चोवीस वर्षांच्या या कवीचे नाव रातोरात लंडनच्या प्रत्येक दिवाणखान्यात पोहोचले. त्याच वर्षी कॅरोलाइन या विवाहित स्त्रीशी त्यांचे काही महिन्यांचे प्रकरण झाले, तेही साऱ्या शहराच्या डोळ्यांदेखत, आणि बायरन यांनीच ते तोडले. चार वर्षांनी, १८१६च्या मे महिन्यात, लेखिकेचे नाव न छापता ही तीन खंडांची कादंबरी बाजारात आली. ग्लेनार्व्हन म्हणजे बायरन, कॅलांथा म्हणजे स्वतः कॅरोलाइन आणि तिचा पती म्हणजे विल्यम लॅम्ब, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले, हे ओळखायला कोणालाही यादीची गरज पडली नाही. लेखिकेचे नावही लपून राहिले नाही. पुस्तक धडाक्यात खपले आणि आवृत्त्या निघाल्या. परिणाम मात्र दोघांच्या वाट्याला सारखे आले नाहीत. स्वतःच्या मोडलेल्या संसाराच्या बदनामीमुळे बायरन तोवर इंग्लंड सोडून गेले होते. चित्र हुबेहूब उतरणार तरी कसे, मी चित्रासाठी तेवढा वेळ बसलोच नव्हतो, अशा अर्थाचा शेरा एका मित्राला लिहून त्यांनी विषय मिटवला. कॅरोलाइनला मात्र ज्या वर्तुळात तिचे आयुष्य गेले होते, त्याची दारे बंद झाली.

मला त्याहून अधिक खटकते ते त्या पुस्तकाच्या वाचनाचे जे झाले ते. कादंबरी ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८च्या उठावाच्या वेळच्या आयर्लंडमध्ये घडते. ग्लेनार्व्हन स्त्रियांना भुरळ घालतो तसाच तो बंडखोरांचा पुढारीही आहे. ज्या वाणीने तो कॅलांथाला आपलीशी करतो, त्याच वाणीने जमावाला पेटवतो, आणि वेळ येते तेव्हा दोघांनाही वाऱ्यावर सोडतो. लोकांना जिंकण्याचे आणि एका माणसाला जिंकण्याचे कसब एकच असेल, तर अशा माणसाच्या प्रेमावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न त्या कादंबरीत आहे आणि तो दोनशे वर्षांनंतरही जुना झालेला नाही. ‘ग्लेनार्व्हन’ सर्वत्र चांगली लिहिलेली आहे असे मी म्हणणार नाही. तिची भाषा जागोजागी भडक आहे आणि कथानक वारंवार विस्कटते. पण तिच्या पहिल्या वाचकांनी तिच्यातला हा प्रश्न नाकारण्याइतकाही पाहिला नाही. ते यादी जुळवण्यात गर्क होते.

या खेळात जिवंत माणसांना इजा होते, हेही विसरून चालत नाही. ‘यातील सर्व पात्रे काल्पनिक असून कोणाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचतो की त्याचा अर्थही मनात उमटत नाही. ते रूढ होण्यामागे एका स्त्रीचा खटला आहे. १९३२ साली, रशियाच्या शेवटच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या रास्पुतीन या साधूवर निघालेल्या एका चित्रपटात, रास्पुतीनच्या वासनेला बळी पडलेली एक राजकन्या दाखवली होती. ती आपणच, असे लोक समजतील आणि समजतातही, असे म्हणत रशियाच्या राजघराण्यातील इरिना युसुपोव्ह यांनी लंडनच्या न्यायालयात दाद मागितली. १९३४ साली त्यांना पंचवीस हजार पौंडांची भरपाई मिळाली. पात्राचे नाव वेगळे होते, पण प्रेक्षकांनी मनातल्या मनात किल्ली फिरवलेली होती.

या कादंबऱ्यांत वाचायचे असते ते दुसरेच. प्रेम ही दोघांची गोष्ट असते असे आपण सहज म्हणतो. जिथे दोघांपैकी एकाला हजारो लोक ओळखतात, तिथे त्या प्रेमात पहिल्या दिवसापासून एक तिसरा असतो, आणि तो म्हणजे लोक. हा तिसरा कोणाचा शत्रू नसतो, बहुधा भक्तच असतो. त्याच्यावाचून प्रसिद्ध माणसाचे पान हलत नाही आणि त्याच्यासमोर प्रेम टिकत नाही. चांगली कादंबरी या तिघांचे नाते मांडते.

मादाम द स्ताल यांच्या १८०७ सालच्या ‘कॉरिन’मध्ये हे पहिल्याच भेटीत येते. रोमच्या कॅपिटॉल टेकडीवर, जिथे १३४१ साली पेत्रार्कला कवी म्हणून मुकुट घातला गेला, तिथे कॉरिन या कवयित्रीचा तसाच सन्मान होतो आहे. रस्ते माणसांनी भरले आहेत. ऑस्वल्ड हा स्कॉटिश उमराव गर्दीत उभा राहून तिला पाहतो. समारंभ संपतो, ती खाली उतरते, तिचा मुकुट डोक्यावरून निसटून पडतो आणि ऑस्वल्ड धावत जाऊन तो उचलून देतो. ती त्याचे आभार मानते ते इंग्रजीत, आणि तेही एखाद्या इंग्रज स्त्रीच्या उच्चारांत. तो चकित होतो, कारण साऱ्या इटलीची मानली गेलेली ही स्त्री त्याच्या ओळखीच्या जगातून आली असेल, हे त्याच्या स्वप्नातही नसते. एका लहानशा प्रसंगात तिचे लोकांसमोरचे रूप आणि तिचे झाकलेले आयुष्य अशा दोन्ही गोष्टी त्याच्या हाती येतात. पुढे तो प्रेम करतो ते गर्दीतल्या तिच्यावर. लग्नाचा विचार येतो तेव्हा मात्र तीच गर्दी त्याला अडचणीची वाटू लागते, आणि तो तिच्या शांत, घरगुती सावत्र बहिणीशी लग्न करतो. कॉरिन झुरून मरते.

हा शेवट मला कधीच पटला नाही, आणि मी त्यात एकटी नाही. १८६० साली जॉर्ज एलियट यांनी आपल्या कादंबरीतील मॅगी या मुलीच्या हाती ‘कॉरिन’ दिली आहे. मॅगी ती अर्धवट वाचून परत करते, कारण सारे सुख त्या सोनेरी केसांच्या सावत्र बहिणीच्याच पदरात पडणार हे तिला आधीच कळून चुकते. पुस्तक असे रागाने परत करणाऱ्या वाचक मला ठाऊक आहेत, आणि त्यांचा मला आदर वाटतो. त्यांनी पुस्तक मन लावून वाचलेले असते.

हाच पेच हेन्री जेम्स यांनी १८९० साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘द ट्रॅजिक म्यूझ’मध्ये जितक्या नेमकेपणाने सोडवून दाखवला, तितका माझ्या वाचनात इतर कोणी दाखवलेला नाही. मिरियम रूथ ही नवखी, ओबडधोबड मुलगी डोळ्यांसमोर मोठी अभिनेत्री होत जाते. पीटर शेरिंगहॅम हा मुत्सद्दी अधिकारी तिच्या अभिनयाचा पहिला जाणकार, तिच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा, नाटकावर जीव असलेला रसिक. तो तिला लग्नाची मागणी घालतो, आणि अट एकच असते की तिने रंगभूमी सोडावी. राजदूताची पत्नी म्हणून ती याहून मोठ्या मंचावर उभी राहील, असे तो तिला पटवू पाहतो. मिरियम चिडत नाही, रडत नाही. तुझे माझ्या कलेवर एवढे प्रेम आहे तर तूच तुझी नोकरी सोड आणि अभिनेत्रीचा नवरा म्हणून राहा, असे ती त्याला सुचवते. पीटरपाशी याला उत्तर नसते. जो त्याग तो तिच्याकडे हक्काने मागत होता, तो स्वतःला करावा लागेल ही कल्पनाही त्याला सहन होत नाही. मिरियम पुढे आपल्याच व्यवसायातल्या, तिचे काम सांभाळून घेणाऱ्या एका नटाशी लग्न करते, आणि पीटरला ते कळते तेव्हा ती रंगभूमीवर ज्युलिएट म्हणून गाजत असते. प्रेमभंगाच्या वेळी कोणाला किती सोडावे लागते याचा असा चोख हिशेब मांडणारे पुस्तक ‘हलके’ कसे म्हणावे?

योगायोगाने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरील लेख ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. झटपट छायाचित्रे टिपणारे कॅमेरे आणि घराच्या उंबरठ्याआत शिरणारी वृत्तपत्रे यांच्यापासून माणसाला कायद्याने संरक्षण मिळावे, अशी त्यांची मांडणी होती. कायदा ज्या दुखण्याला तेव्हा नाव देऊ लागला होता, ते कादंबरीने आधीच ओळखलेले होते, आणि दारावर छायाचित्रकार येण्याच्याही आधी, प्रेम करणाऱ्याच्याच मनात लोकांची नजर कशी जाऊन बसते हे कादंबरीलाच दाखवता आले.

कोलेत यांच्या १९१० सालच्या ‘ला वागाबोंद’मध्ये ही नजर आरशात येऊन बसली आहे. नवऱ्याने छळलेली, घटस्फोट घेतलेली रने ही नायिका म्यूझिक हॉलमध्ये, म्हणजे नाचगाण्यांच्या करमणुकीच्या रंगमंचावर, काम करून पोट भरते. कादंबरी उघडते तेव्हा ती रंगभूषा करून, वेळेआधीच तयार होऊन, आपल्या खोलीत आरशासमोर एकटी बसलेली आहे, आणि आरशातला तो रंगवलेला चेहरा कोणा वडीलधाऱ्या सल्लागाराप्रमाणे तिच्याकडे पाहतो आहे. तिला त्या नजरेची भीती वाटते, कारण काम सुरू होईपर्यंतच्या त्या मोकळ्या मिनिटांत तो चेहरा तिला नको ते प्रश्न विचारणार हे तिला माहीत असते. मॅक्सिम नावाचा श्रीमंत, प्रेमळ, सभ्य माणूस तिच्यावर जीव लावतो. तीही त्याच्याकडे ओढली जाते, आणि दौऱ्यावर असताना त्याला पत्रांमागून पत्रे लिहिता लिहिताच तिला कळते की आपण त्याच्याकडे परतणार नाही. मॅक्सिममध्ये काही खोट नाही, म्हणूनच हा निर्णय इतका खरा वाटतो. लेखिकेने स्वतः त्या काळात म्यूझिक हॉलमध्ये काम केले होते आणि त्याच सुमारास तिचा घटस्फोट झाला. साहजिकच रनेचा पहिला नवरा म्हणजे लेखिकेचा नवरा, ही ओळख पटवण्यात पुष्कळ शाई खर्ची पडली. ओळख खरी असेलही. ती पटल्यावर त्या आरशातल्या चेहऱ्याविषयी आपल्याला अधिक काय कळते?

पुरुषांच्या वाट्याला हा जाच कादंबरीत कमी वेळा येतो. अँथनी ट्रॉलप यांची १८७६ सालची ‘द प्राइम मिनिस्टर’ हा त्याला सुंदर अपवाद आहे. पंतप्रधानांची पत्नी उत्साहाच्या भरात निवडणुकीतल्या एका उमेदवाराला भलतेच प्रोत्साहन देते, पंतप्रधान त्याचा खर्च गुपचूप भरून देतात, आणि एक वृत्तपत्र ते बाहेर काढते. चूक पत्नीची होती एवढे सांगितले की ते सुटणार असतात. ते तसे सांगत नाहीत. कमालीच्या लाजाळू आणि हळव्या मनाच्या त्या माणसाचे ते मौन मला अनेक प्रेमपत्रांहून मोलाचे वाटते.

आता आपल्या लेखातल्या मुख्य पुस्तकाकडे येते. टेलर जेनकिन्स रीड यांची २०१७ सालची ‘द सेव्हन हजबंड्स ऑफ एव्हलिन ह्यूगो’ ही कादंबरी आमच्याकडे इतकी फिरली की तिची बांधणी दोनदा करून घ्यावी लागली. हॉलिवूडच्या अभिनेत्री एलिझाबेथ टेलर यांनी सात पुरुषांशी आठ लग्ने केली, म्हणून एव्हलिन म्हणजे त्याच, असा निष्कर्ष आपल्या लेखात आहे. सात या आकड्यापलीकडे तो जात नाही. वृद्ध अभिनेत्री एव्हलिन आपली कहाणी सांगायला एका अप्रसिद्ध पत्रकार तरुणीची निवड करते, आणि सातांपैकी कोणते लग्न प्रेमासाठी, कोणते कामासाठी आणि कोणते केवळ वार्ताहरांची नजर दुसरीकडे वळवण्यासाठी होते, हे एकेक करून उलगडत नेते. ज्या एका नात्यासाठी हे सारे चालले होते, ते इथे सांगून मी नव्या वाचकाचा आनंद घालवणार नाही. एवढेच सांगते की ती कादंबरी नेमकी आपल्या कुतूहलाविषयीच आहे. लोक नवरे मोजत बसतील आणि खऱ्या ठिकाणी पाहणार नाहीत, या भरवशावर एव्हलिन आयुष्य काढते. परीक्षणकारानेही नवरेच मोजावेत, हे पाहून मला त्या पुस्तकासाठी वाईट वाटले.

या प्रकारात सुमार पुस्तके खूप येतात, हे मी रोज पाहते. गर्दीला नुसता पडदा म्हणून मागे टांगणारी; प्रसिद्धीमुळे आलेला प्रत्येक पेच शेवटच्या प्रकरणात एका पत्रकार परिषदेत, टाळ्यांच्या गजरात प्रेमाची कबुली देऊन सोडवून टाकणारी; नाव कमावलेल्या स्त्रीला शेवटी व्यसन, वेड किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी दिल्याशिवाय न थांबणारी. अशा पुस्तकांवर कठोर लिहावे. पण त्यासाठीही ती कादंबरी म्हणून वाचायला हवीत. जे परीक्षण केवळ ‘ही कोण?’ एवढेच विचारते, त्याच्या लेखी चांगले आणि वाईट पुस्तक सारखेच असते, कारण यादी दोघांचीही करता येते.

म्हणून आपणांस विनंती आहे की या कादंबऱ्यांची परीक्षणे इतर कादंबऱ्यांप्रमाणेच, त्यांची रचना, निवेदन, पात्रे यांविषयी बोलणारी छापावीत. लेखकाने स्वतः उघडपणे सांगितलेले नसेल तर पात्राशेजारी हयात व्यक्तीचे नाव घालू नये. आणि कादंबरीच्या परीक्षणाबरोबर एखाद्या अभिनेत्रीचे छायाचित्र छापण्याची पद्धत थांबवावी. गेल्या रविवारचे ते छायाचित्र पाहून दोन दिवसांत चौघांनी माझ्याकडे ‘तिच्यावरची ती कादंबरी’ अशी मागणी केली. पुस्तकाचे नाव त्यांच्यापैकी एकालाही सांगता आले नाही.

त्या जुन्या प्रतीवरची पेन्सिलीची यादी मी खोडरबराने पुसली. शाईने लिहिलेले ते एक नाव मात्र निघत नव्हते. त्यावर कोरा कागद चिकटवून मी पुस्तक पुन्हा देवघेवीत ठेवले आहे.

आपली नम्र,
एका सार्वजनिक ग्रंथालयातील कर्मचारी